मेल्याचं सोंग

क्लाउन लोच पाळलेल्या घरी नवा माणूस आला की पाच मिनिटांच्या आत एक वाक्य हमखास बोलतो, आणि ते माशाच्या मरणाबद्दल असतं. आमच्याकडे हा पहिला मान सासूबाईंचा. "अगो, तुजें नुस्तें मेलां गो!" अशी त्यांनी बाहेरच्या खोलीतून हाळी दिली. मी कणकेच्या हातानेच धावले. टाकीच्या कोपऱ्यात लाकडाच्या ओंडक्याला टेकून आमची सगळ्यात थोराड लोच कुशीवर पडली होती. कल्ले सावकाश हलत होते, पट्टे काळेभोर, शेपटी लालबुंद. मी काचेजवळ गेले तशी ती उठली, एक डोळा माझ्याकडे करून पाहिलं, ओंडक्याच्या पलीकडे गेली आणि तिथे पुन्हा आडवी झाली. आईंचा विश्वास बसेना. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) सगळं आयुष्य गोव्यात गेलेल्या बाईच्या हिशेबात आडवा मासा एक तर टोपलीत असतो नाही तर तव्यावर. आडवा पडून आराम करणारा मासा त्यांनी पाहिला नव्हता.

लोच म्हणजे माशांचं भलंमोठं खानदान. तोंडाभोवती मिशा, वावर तळाशी, खवले इतके बारीक की अंग गुळगुळीतच वाटावं. त्यातली क्लाउन लोच सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांमधली. नारिंगी अंगावर तीन काळे पट्टे, त्यातला एक थेट डोळ्यावरून गेलेला. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८५२ साली पीटर ब्लीकर या डच लष्करी डॉक्टरने केलं. हा माणूस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, नोकरी करता करता मासे गोळा करत असे. दुकानात ही पोरं बोटाएवढी असतात, म्हणून लोक भुलतात. चांगली वाढली तर फूटभर होतात आणि वीस वर्षांच्या पुढे जगतात. दुकानदार यातलं काही सांगत नाहीत. "मॅडम, लहानच राहतात," हे वाक्य मी एकाहून अधिक दुकानांत ऐकलं आहे.

आपण मात्र परदेशी लोच शोधायला जातो आणि घरची विसरतो. १९७२ साली तिलक या मत्स्यशास्त्रज्ञांनी एका बारीक, सापासारख्या वळवळणाऱ्या लोचचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला नावच गोव्याचं दिलं. आज ती पँजिओ गोआएन्सिस म्हणून ओळखली जाते. दुकानात 'कूली' म्हणून मिळणाऱ्या पट्टेरी लोचची ही सख्खी चुलत बहीण. तिच्याच कुळातली एक लालसर लोच केरळात कोळिकोडच्या एका विहिरीत सापडली, जमिनीखालच्या पाण्यात राहणारी. २०१९ साली तिचं बारसं करणाऱ्यांत आपले मत्स्यसंशोधक नीलेश डहाणूकरही होते, आणि नाव ठेवलं पँजिओ भुजिया, कारण ती दिसते तशीच, खायच्या भुजियासारखी. सह्याद्रीतली झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा, तर जगभरच्या टाक्यांत पोचली आहे. १९२०मध्ये नोंदवलेला हा मासा आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. हे सगळं वाचल्यापासून मी फोंड्याच्या आसपास कुठलाही व्हाळ (ओढा) ओलांडताना थांबून तळाकडे बघते. भाचा अथर्व म्हणतो, "मामी, गाडी रस्त्यात उभी आहे."

माझं काम मुद्रितशोधनाचं. संध्याकाळी सुरू होतं आणि रात्री उशिरा संपतं. घरी येते तेव्हा सगळे झोपलेले असतात आणि टाकी जागी असते. लोचचं खरं आयुष्य दिवेलागणीनंतर सुरू होतं, त्यामुळे आमच्या दोघींच्या वेळा बऱ्या जुळतात. दिवसा टाकी बघणाऱ्याला वाटतं की हे मासे आळशी, लाजरे आणि थोडे वेडसर आहेत. रात्री बघणाऱ्याला त्या वेडेपणाचा अर्थ हळूहळू लागायला लागतो. आणि तो अर्थ एका वागण्याला एक असा कधीच नसतो. तेच वागणं एकदा आरामाचं असतं, एकदा दुखण्याचं.

आडवं पडणंच घ्या. पोट भरलेलं आहे, रंग गडद आहे, श्वास संथ आहे, आणि पडायची जागा तिने स्वतः निवडली आहे, म्हणजे ओंडका, दगडाची खाच किंवा सोबतिणीचं अंग. अशी लोच झोपलेली आहे, तिला झोपू द्या. पण तीच लोच उघड्यावर पडली असेल, कल्ले भराभर हलत असतील, रंग विटलेला असेल आणि हात जवळ नेऊनही ती उठत नसेल, तर पाणी तपासायची वेळ झाली. पाहुण्याला दोन्ही आडवेच दिसतात.

रंग विटण्याचंही असंच. आमच्या घरात पाच क्लाउन आहेत आणि त्यांच्यात मानपानाची भांडणं चालतात. दोघी समोरासमोर येतात, गोल फिरतात, एकमेकींच्या अंगाला अंग लावून ढकलतात, आणि बघता बघता दोघींच्या अंगावरचा नारिंगी रंग उतरून राखाडी होतो, पट्टे पुसट होतात. पहिल्यांदा बघणाऱ्याचं काळीज हलतं. थोड्या वेळात एक मागे सरते, दोघींचा रंग परत येतो आणि संध्याकाळी त्याच दोघी एकाच फटीत झोपलेल्या असतात. उलट, भांडण नसताना एखादी एकटीच राखाडी होऊन कोपऱ्यात बसली आणि दुसऱ्या दिवशीही तशीच असली, तर ते दुखणं असतं.

आता आवाज. लोच बोलते हे मी सांगते तेव्हा लोक माझ्याकडे जरा काळजीने पाहतात. रात्री पंखा बंद असताना टाकीजवळ बसलात तर 'टक्... टक् टक्' असा, नखाने काचेवर मारल्यासारखा कोरडा आवाज स्पष्ट ऐकू येतो. खाणं टाकलं की तो वाढतो, जागेवरून वाद झाला की वाढतो. आई पहिल्यांदा म्हणाल्या, पाल चुकचुकतेय. आता त्या पाल चुकचुकली तरी टाकीकडे बघतात.

आणि काटा. क्लाउन, झेब्रा आणि त्यांच्या जवळच्या लोचना डोळ्याखाली एका खोबणीत दुटोकी काटा असतो. एरवी तो दिसतही नाही. घाबरली की ती काटा बाहेर काढते आणि तो तसाच अडकून राहतो. शिकारी पक्ष्याच्या किंवा मोठ्या माशाच्या घशात जाताना हा काटा कामाला येतो. जाळीत मात्र तो जाळीच्याच धाग्यांत गुंततो. म्हणून लोच हलवायची तर जाळी घेऊ नये. पाण्यात प्लास्टिकचा डबा आडवा धरावा, आत हाकलावी आणि पाण्यासकट उचलावी. हाताने धरायला गेलात तर काटा तुमच्या बोटाचीही चव घेतो.

सगळ्यात गमतीचं वागणं दिसतं फिल्टरच्या धारेपाशी. पाणी जिथून जोरात परत येतं तिथे आमच्यातली मधली लोच येते, धारेच्या तोंडाशी अंग नेते, धार तिला टाकीच्या दुसऱ्या टोकाला फेकते, ती तळातून फिरून परत येते आणि पुन्हा तेच. खाणं तिथे काही नसतं. मागे कुणी लागलेलं नसतं. याला मी खेळ म्हणते. मासा कुठे खेळतो, असं म्हणणाऱ्यांना मी टेनेसी विद्यापीठातले गॉर्डन बर्गहार्ट यांचं काम सांगते. खेळ कशाला म्हणावं याच्या त्यांनी पाच कसोट्या मांडल्या. त्या वागण्याचा त्या घडीला सरळ उपयोग नसावा. ते आपखुशीने केलेलं असावं. खऱ्या कामातल्या त्याच हालचालीपेक्षा काहीतरी वेगळं असावं. पुन्हा पुन्हा केलेलं असावं. आणि पाचवी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी: ते करणारा प्राणी निर्धास्त असावा, उपाशी, आजारी किंवा भेदरलेला नसावा. २०१४मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांगानिका सरोवरातल्या एका जातीच्या तीन नरांबद्दल लिहिलं. तळाशी वजन असलेला एक थर्मामीटर टाकीत उभा होता, ढकलला की परत सरळ उभा राहणारा. मासे त्याला पुन्हा पुन्हा धडका देत राहिले, आसपास खाणं असो वा नसो.

ही पाचवी कसोटी हाताशी असली की टाकीतला बराच गोंधळ निवळतो. काचेला नाक लावून वर-खाली, वर-खाली पोहणारी लोचही 'खेळतेय' असं दुकानदार सांगतो. ती खेळत नसते. धारेत खेळणारी मध्ये थांबते, खाते, दुसरीला ढकलते, कंटाळते. काचेवर चढउतर करणारी त्याच कोपऱ्यात, त्याच रेषेवर तास तास घालवते. नवी टाकी, वाईट पाणी, काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब, किंवा सोबतच नसणं, यातलं काहीतरी तिला छळत असतं. बहुतेक वेळा सोबत नसणं. लोच कळपातला जीव आहे. पाच-सहाच्या खाली ठेवू नये हे माझं मत आहे आणि ते मी हौशी लोकांत वाद ओढवून घेऊनही बदललेलं नाही. हॉटेलच्या काउंटरवर काचेच्या गोळ्यात एकटी लोच ठेवलेली बघितली की मला चहा गोड लागत नाही.

कूली लोच याहून तऱ्हेवाईक. दिवसभर टाकीत काही राहतं याचा पत्ता नसतो. रात्री अचानक सगळ्या एकदम वर उसळतात, टाकीभर वळवळतात, एखादी पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते आणि खाली झेपावते. लोच मंडळींपैकी काहींना आतड्यातून हवेतला प्राणवायू शोषता येतो. वरून हवा गिळायची आणि उरलेली मागून सोडायची. गाळाच्या, साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या जीवाला ही सोय लागतेच. म्हणून कूलीने अधूनमधून हवेचा घोट घेतला तर घाबरू नये. क्लाउन मात्र पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत राहिली तर ताबडतोब हवेचा पंप लावावा.

मेअखेरीला आमच्या टाकीत जे चालतं त्याबद्दल मी जपून बोलते. आभाळ भरून येतं, पूर्वेकडून गडगडतं, वारा पडतो, आणि पाऊस यायच्या आधीच लोच अस्वस्थ होतात. वर-खाली धावतात, दिवसाढवळ्या बाहेर येतात. युरोपातल्या मिसगर्नस या लोचला तर तिकडचे लोक वादळाआधीच्या अशा धावपळीमुळे हवामान सांगणारा मासाच म्हणतात. बऱ्याच लोचमध्ये पोहण्याच्या पिशवीचा पुढचा भाग हाडाच्या डबीत बंद असतो आणि बारीक हाडांच्या साखळीने तो कानाशी जोडलेला असतो. दाबातले आणि आवाजातले फरक त्यांना आपल्याहून बरेच आधी कळत असावेत. शिवाय क्लाउन मुळात पावसाळ्यात मोठ्या नदीतून पूर आलेल्या भागात अंडी घालायला जाणारी. पण माझ्या टाकीत त्याच सुमाराला उजेडही कमी होतो, घरात माणसं वाळत घातलेले कपडे काढायला धावतात, आणि वीज जाते ती जातेच. यातलं नेमकं काय त्यांना हलवतं ते कोण सांगणार? आईंचा मात्र निकाल लागलेला आहे. मासे धावले की त्या अंगणातल्या वाळवणाची ताडपत्री ओढतात, आणि त्यांचे पापड माझ्या पापडांपेक्षा कमी भिजतात.

विजेचं आलंच आहे तर सांगून टाकते. गोव्यात मासे पाळायचे तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे, पावसाळ्यात तर मेणबत्तीच्या आधी. उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३०-३१ अंशांवर जातं. क्लाउनना ते चालतं, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. टाकीवर पंखा लावतात लोक. आपल्या दमट हवेत त्याने फारसा फरक पडत नाही. म्हणूनच डोंगरी ओढ्यातल्या, दगडाला चिकटून राहणाऱ्या चपट्या लोच इथे आणू नयेत. त्यांना थंड, खळाळतं पाणी लागतं. अथर्व वर्षभर त्यांच्या मागे लागला आहे. चिलर घेणार असशील तर बोल, एवढंच मी त्याला सांगते. चिलरची किंमत त्याने एकदा बघितली, तेव्हापासून विषय जरा थंडावला आहे.

आता या जीवांना दिवसभर काय द्यायचं? काचेच्या चौकोनात वीस वर्षं काढायची आहेत बिचाऱ्यांनी. हौशी लोक प्लास्टिकचा किल्ला, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या आणि रंगीत खडी आणतात. ती सजावट आपल्यासाठी असते. लोचला लागते ती लपायची जागा, आणि ती भरपूर. जितक्या लपायच्या जागा जास्त तितके मासे जास्त दिसतात. हे उलटं वाटतं, पण करून बघा. पळायला भोक जवळ आहे ही खात्री असली की लोच दिवसाही उघड्यावर फिरते. मोकळ्या, 'सुंदर' टाकीत ती एकाच कोपऱ्यात मुटकुळं करून बसते आणि मालक म्हणतो, लाजरा मासा आहे.

जागा कशी हवी? घट्ट. लोचला ऐसपैस गुहा नको असते. अंगाला सगळ्या बाजूंनी काहीतरी लागलं पाहिजे. आमच्या ओंडक्याखाली एक फट आहे, तिच्यात पाच जणी सणाच्या आदल्या दिवशीच्या कदंबा बसमधल्यासारख्या बसतात, कुणाची शेपटी कुणाच्या तोंडाशी, आणि एकीला बाहेर यायचं तर चौघींनी हलायचं. शेजारी दोन फटी रिकाम्या आहेत. तिकडे कुणी जात नाही. फक्त एक बघावं, की फटीला दोन तोंडं हवीत. एका तोंडाच्या नळीत कमजोर लोच कोंडली जाते आणि दांडगी तिला बाहेर येऊ देत नाही. प्लंबरकडे उरलेले पीव्हीसीचे तुकडे उत्तम, कडा तेवढ्या घासून घ्याव्यात. नारळाच्या करवंट्या आपल्याकडे फुकट. किशी खरवडून काढावी, दोन-तीनदा पाणी बदलून उकळाव्यात, मग बाजूला अर्धगोल भोक पाडून पालथ्या घालाव्यात. जांभ्या दगडाचा चिरा मात्र घालू नये. दिसायला छान, पण त्याची अंगभर भोकं खरखरीत असतात आणि लोचचं अंग नाजूक.

वाळू हा वेगळाच विषय. लोच मिशांनी वाळू चाचपते, तोंडात घेते, कल्ल्यांतून सोडते. खाणं सापडो न सापडो, हे काम ती तासन्तास करते. धारदार खडीवर तिच्या मिशा झिजतात आणि पुढे सडतात. म्हणून वाळू बारीक, गोल कणांची हवी. "मग समुद्रावरून आणू की!" असं प्रत्येक गोवेकर म्हणतो. आणू नये. त्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, पाणी जड होत जातं, आणि या माशांना मऊ पाणी लागतं. नदीच्या वाळूचा विषय गोव्यात न काढलेलाच बरा. मत्स्यालयाच्या दुकानात पिशवीतली मिळते, तीच घ्यावी. कूलीसाठी तर वाळू ही अंथरूण-पांघरूण दोन्ही आहे. नुसतं डोकं वर ठेवून त्या पुरून घेतात.

जंगली बदामाची वाळकी पानं टाकली की पाणी चहाच्या रंगाचं होतं, काचेतून उजेड कमी येतो आणि मासे सैलावतात. ही पानं आपल्या रस्त्याकडेला हवी तितकी पडतात; गाड्यांचा धूर आणि फवारणी नसलेल्या जागची उचलावीत, धुऊन वापरावीत. पाहुणे पाणी घाण आहे म्हणतात. म्हणू द्यावं. उरलेल्या उजेडाचंही तसंच, दिवा भसकन लावू नये आणि विझवू नये. आधी खोलीतला लावावा, मग टाकीचा.

खाण्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायला मला आवडेल. खाणं वरून टाकलं, मिनिटभरात संपलं, आणि उरलेला दिवस रिकामा: असा बहुतेक पाळीव माशांचा दिनक्रम असतो. निसर्गात लोच दिवसाचा मोठा भाग शोधण्यात घालवते. तो शोध तिला परत द्यायचा. मी गोठवलेल्या अळ्यांचा तुकडा करवंटीच्या आत ठेवते, कधी दगडाच्या खाचेत दाबते, कधी धारेच्या तोंडाशी सोडते म्हणजे तो टाकीभर विखुरतो. काकडीची चकती जेवणाच्या काट्याला टोचून तळाशी ठेवली की रात्रभर चघळत बसतात. सकाळी नुसती साल उरते. आणि गोव्यातल्या लोचचं नशीब म्हणून, आई सुंगटं (कोळंबी) सोलताना एखादं न मीठ लावलेलं बाजूला काढतात आणि बारीक चिरून देतात. तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, दिवस असला तर एखादी तिसरीही. हे रोज नको, पण आठवड्यातून एखाद्या वेळी चालतं. आई म्हणतात, "आपलें नुस्तें नुस्त्याक घालपाचें, कलियुग आयलां!" पण तुकडे त्या माझ्याहून बारीक करतात.

गोगलगाय हा त्यांचा खरा मेवा. पाणवनस्पतींबरोबर बारीक गोगलगायी टाकीत येतातच. क्लाउन लोच शंखाच्या तोंडाशी ओठ लावून आतलं शोषून घेते. एकदा मी काचेला नाक लावून बघितलं. गोगलगाय आत ओढून झाकण लावून बसली होती. लोचने शंख तोंडाने उचलून दगडावर टाकला, फिरवला, परत उचलला, बाजूला ठेवून वाळू चाचपून आली, परत आली. झाकण किंचित सुटलं त्याच क्षणी तिने तोंड लावलं. नुसता खडखडता शंख वाळूवर पडला. या सगळ्यात दुसऱ्या कुणीतरी मध्ये तोंड घातलं तेव्हा 'टक्' असा जोरदार आवाज आला आणि तिसरी लांबूनच वळली. पिसासारखं काही खेळणं पाण्यात लटकवण्यापेक्षा या एका गोगलगायीत जास्त करमणूक आहे, त्यांची आणि माझीही. गोगलगायीची बाजू मला माहीत आहे. तिच्यासाठी मी वेगळी बरणी ठेवलेली नाही, एवढं खरं.

'टाकी दर आठवड्याला बदला, म्हणजे माशांना नवं वाटेल,' असा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. लोचच्या बाबतीत तो घातक आहे. त्यांना आपली फट, आपला रस्ता, आपली धार ठाऊक असते. सगळी टाकी उलटीपालटी केली की त्या घर गेल्यासारख्या भेदरतात. एका वेळी एकच वस्तू हलवावी. एक करवंटी इकडची तिकडे. एक नवी नळी. मग बघावं, कोण आधी जाऊन मिशा लावते, कोण दुसरीच्या मागून येते. आमच्यात धीट कोण आणि धूर्त कोण ते मला या असल्या बारीक बदलांतूनच कळलं. थोराड असलेली धीट नाही. ती सगळ्यात शेवटी येते आणि नळी बरी निघाली की आधीच्या दोघींना हाकलून आत बसते.

आजारपणाचं थोडक्यात. अंग दगडाला घासणं, पर झटकणं, मग अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, हा लोचचा नेहमीचा आजार. टाकीचं तापमान सावकाश ३० अंशांपर्यंत नेलं तर परजीवीचं चक्र भराभर फिरतं आणि औषधाला सापडतं. पण औषध बाटलीवर लिहिलेल्या पूर्ण मात्रेने देऊ नये. लोचचे खवले नावाला असतात, तांब्याची औषधं तर तिला सहन होत नाहीत. बारीक होत जाणं, म्हणजे खाऊनही पाठ सुरीसारखी होणं, बहुतेक वेळा पोटातल्या जंतांमुळे असतं. नव्या लोच महिनाभर वेगळ्या ठेवल्या तर हे दोन्ही आपल्या टाकीत शिरत नाहीत.

आणि कंटाळा आला, मोठ्या झाल्या, बदली झाली म्हणून व्हाळात किंवा खांडेपार नदीत सोडू नयेत. 'सोडून दिलं, पुण्य लागेल' असं म्हणणारे भेटतात. मिसगर्नसच्या आशियाई बहिणीने ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या नद्यांत असाच शिरकाव केला. केरळात २०१८च्या पुरानंतर नद्यांत अरापाइमा सापडले, ॲमेझॉनचे. आपल्या व्हाळात आधीच गोव्याच्या नावाची लोच आहे, तिला आणखी भाडेकरू नकोत.

गेल्या रविवारी म्हापशाहून नणंद आली होती. तिच्या मुलाला आता टाकी हवी आहे. दोन फुटी. "वहिनी, तीन क्लाउन घालू का?" नको, दोन फुटांत क्लाउन नकोच, वीस वर्षांनी कुठे ठेवशील? "मग एखादी?" एखादी तर मुळीच नको. बराच वेळ घासाघीस झाली. आई मध्येच म्हणाल्या, "गो, तिला ते वळवळणारे दे ना सांगून." शेवटी आठ कूलींवर ठरलं. मुलगा हिरमुसला, कारण दिवसा दिसणार नाहीत. मी त्याला आमच्या टाकीसमोर बसवलं, खोलीतला दिवा मालवला, लाल कागद लावलेला टॉर्च हातात दिला आणि गप्प बसायला सांगितलं. तो जेवायला उठेना. आता वाळू धुण्याची पाळी त्याची आहे. ओपा जलप्रकल्पातून येणाऱ्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जायला एक रात्र बादली उघडी ठेव, असं मी त्याला दोनदा सांगितलं, आणि नणंदेच्या फोनवर लिहूनही पाठवलं.